भंगारातला भ

परवा जुळे सोलापुरातली एक मुलगी माझ्याकडे आली. जुने खोटे दागिने जमवायचा तिला नाद. तिने पर्समधून एक बुगडी काढली आणि मागच्या बाजूला ठोकलेलं बारीक अक्षर दाखवलं. भ. ज्या दुकानदाराकडून घेतली त्याने तिला सांगितलं होतं, की भ म्हणजे भोसले, जुने नामांकित कारागीर. मला हसू आवरेना. लोक काय बिनधास्त थापा मारतात. भोसले नाहीत की भवानी नाही, तो भ भंगारातला. आणि ज्या बाईने तो ठोकला, तिला तो धड म्हणताही येत नव्हता.

तिचं नाव सारजाबाई. टेंभुर्णीकडच्या गावातली. गाव धरणात जाणार, जाणार म्हणून सगळे धास्तावलेले, त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. नवरा मानसिंग इथल्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि ती त्याच्या मागोमाग सोलापुरात आली. आठ दिवसांत कुणाच्या तरी ओळखीने ती आमच्या दारात उभी राहिली.

बाळीवेशीत आमचा गिलिटाच्या दागिन्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार बायका आणि माझी आई ईरम्मा. वडील गेल्यावर आईनेच तो चालवला. पितळेची तार ओढायची, पत्रा कापायचा, मणी वळायचे, डाग लावून जोडायचे आणि शेवटी सोन्याच्या पाण्यातून काढायचे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत आमचं दुकान लागायचं, त्यावर निम्मं वर्ष निघायचं.

सारजाबाईचा हात पहिल्या महिन्यातच बसला. तोंड मात्र कधी बसलं नाही. ती तारेशी भांडायची, चिमट्याला शिव्या द्यायची, मणी घरंगळला तर त्याच्या खानदानाचा उद्धार करायची. भाकरीला ती बाकरी म्हणायची, भावाला बाव. मी तेव्हा दहावीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. ती काही बोलली की मी तसंच बोलून दाखवायची आणि बाकीच्या बायका हसायच्या. तीही हसायची. पण हळूहळू तिने कुणाला काही विचारायचंच सोडलं, हे माझ्या लक्षात आलं नाही. याची मला आजही लाज वाटते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्र्याहत्तरचा मे महिना. आई बाजारात गेली होती आणि मी आत चहा टाकत होते. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातून गंगम्मा आली. ती आईच्या माहेरची ओळखीची. सोबत आणलेली एक बुगडी तिला आईला द्यायची होती. तसं तिचं आईशी यात्रेतच बोलणं झालं होतं. तिची बस सुटायला आली होती. तिने चिंधीतली ती एकुलती बुगडी सारजाबाईच्या हातावर ठेवली, म्हणाली, "ईरम्माला दे. बंगार अद. सोमवारी येते," आणि गेलीसुद्धा.

सारजाबाईला कानडीचा गंध नव्हता. तिच्या कानांनी तिच्याच बोलीतला शब्द ऐकला, कारण भंगाराला ती बंगारच म्हणायची. लोक मोडकंतोडकं पितळ आम्हाला आणून देत, ते ईरम्माच्या टोपलीत जाई आणि शनिवारी रुद्रप्पा ओताऱ्याकडे वितळायला जाई. जोड नसलेली, तेलामळाने काळवंडलेली एक बुगडी तिने चिंधीतून काढून टोपलीत टाकली. एकदा विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, पण पुन्हा सगळ्या हसतील म्हणून तिने विचारलं नाही, असं तिने मला फार नंतर सांगितलं.

सोमवारी गंगम्मा तिच्या लेकीला, बसव्वाला, घेऊन आली आणि जोड कधी मिळेल म्हणून विचारू लागली. बुगडी आपल्याकडे कधी आली ते आईला कळेना. सारजाबाई काम न थांबवता म्हणाली, "ती व्हय? तुमीच म्हनलासा की बंगार हाय म्हनून. टाकली टोपल्यात."

आईने हातातला चिमटा खाली ठेवला. "सारजा, कानडीत बंगार म्हणजे सोनं."

गंगम्मा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि जमिनीकडे बघत सांगत राहिली. बुगड्या तिच्या आईच्या. त्यातली एक दुष्काळी कामावर खडी फोडताना पडली. सगळ्या टोळीने दोन दिवस खडी चाळली, मिळाली नाही. उरलेलीला सोन्याची जोड करायची ऐपत नव्हती, म्हणून एक खरी आणि एक गिलिटाची अशी घालून पुढच्या सोमवारी लेकीला लग्नाला उभी करायची होती. आता तीही गेली. बसव्वा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

पुढच्या मिनिटाला आई, मी आणि सारजाबाई रुद्रप्पाच्या भट्टीकडे निघालो. शनिवारचं पोतं त्याने सकाळीच उघडलं होतं. एक मूस वितळून झाली होती, निम्मं पोतं शिल्लक होतं. बुगडी त्या ओतलेल्या मुशीत होती की उरलेल्या पोत्यात, ते कोण सांगणार? सारजाबाईने पोतं जमिनीवर उपडं केलं आणि ढीग बघून ती रडायलाच लागली. बुगड्याच साठ-सत्तर होत्या, सगळ्या सारख्याच काळ्या. रडत रडत तिने जे सांगितलं ते ऐकून मला धक्का बसला. तिने जन्मात सोनं हातात धरलं नव्हतं. तिच्या मंगळसूत्राच्या वाट्यासुद्धा पितळेच्या होत्या. रोज सोन्यासारखे दागिने करणाऱ्या बाईला सोनं कसं लागतं तेच माहीत नव्हतं.

आईने बोटातली अंगठी काढली आणि तिच्या डाव्या मुठीत ठेवली. उजव्या मुठीत तेवढ्याच मापाची पितळेची ठेवली. "डोळे मीट. दोन्हींतला फरक हाताला कळेस्तोवर उघडू नको."

ती तशीच बसून राहिली. मग डोळे न उघडताच तिने एकेक बुगडी मागितली. मी उचलून तळहातावर ठेवायची, ती क्षणभर धरायची आणि बाजूला टाकायची. उन्हं कलायला लागली. ढीग संपत आला तशी आई माझ्याकडे बघेना. शेवटच्या दहा-बारा राहिल्या असतील, तेव्हा सारजाबाईची मूठ मिटली ती उघडेचना. रुद्रप्पाने बोटं सोडवून बुगडी दगडावर घासली, तेजाबाचा थेंब टाकला आणि मान हलवली. मी सारजाबाईच्या गळ्यात पडले. त्या दिवसापासून मी तिची नक्कल केली नाही.

पण खरं काम पुढेच होतं. जोड करायला आईने जुन्या कारागीर बाईला सांगितलं, तर सारजाबाई आडवी आली. टाकली मी, करणारही मीच. चार दिवस ती त्या बुगडीवर वाकून बसली. तार, पत्रा, मोहरीपेक्षा लहान रवे, सगळं तिने एकटीने केलं. दोन बुगड्या बिघडल्या, त्या स्वतःच टोपलीत टाकल्या. जुन्या बुगडीवर खालच्या ओळीतला एक रवा कधीतरी पडला होता. तिने आपल्या बुगडीवरही तेवढी जागा मोकळी सोडली. चार दिवसांत तिने कुणाला एकही शिवी दिली नाही.

शनिवारी गंगम्माने दोन्ही बुगड्या तळहातावर घेतल्या आणि कौतुक करायच्या ऐवजी घाबरली. "यातलं बंगार कुठलं?"

आई हसली, सारजाबाई हसली नाही. तिला त्या प्रश्नात पुढचं सगळं दिसलं. उद्या बसव्वा अडचणीत सापडली आणि पितळेची बुगडी सोनं म्हणून मोडायला घेऊन गेली, तर चारचौघांत चोर ठरायची. ती माझ्याकडे आली आणि भंगार कसं लिहायचं ते विचारलं. अख्खा शब्द बुगडीवर मावणार नव्हता. मी पहिलं अक्षर लिहून दिलं. रुद्रप्पाने पोलादी खिळ्याचं टोक कानसून त्याचा ठसा करून दिला. सारजाबाईने तो आपल्या बुगडीच्या मागे हळूच ठोकला आणि माझ्याकडून तो उच्चार घोटून घेतला. ब नाही, भ. ओठातून वारा सोडायचा. पाचव्यांदा जमलं.

आपल्या मालावर आपणच भंगार म्हणून शिक्का मारायचा, हे काही आईला पटलं नाही. असला माल घेणार कोण? तेव्हा सारजाबाई म्हणाली, "वळकू आलं न्हाय तर माज्यावानी कुनीतरी सोनंच टोपल्यात टाकंल की, आक्का."

तेव्हापासून सारजाबाईच्या हातच्या प्रत्येक दागिन्यावर भ पडला. पुढच्या यात्रेत बायका मागची बाजू उलटून बघायला लागल्या आणि भ-वालाच द्या म्हणायला लागल्या. त्यांच्या लेखी तो भाग्याचा भ. सारजाबाई प्रत्येकीला खरं सांगायची, एकीचाही विश्वास बसायचा नाही. दोन वर्षांत तिने स्वतःच्या खोलीत वेगळं काम मांडलं, गावाकडच्या तीन बायका हाताशी घेतल्या. आई वरवर कुरकुरली आणि आपलं तार ओढायचं जुनं यंत्र तिला देऊन मोकळी झाली.

एकोणऐंशीत एक दिवस मी तिच्याकडे बसले होते. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते. दारात एक बाई आली, कडेवर मूल. ओळखायला थोडा वेळ लागला. ती बसव्वा होती. सोन्याची बुगडी मोडून तिने शिवणयंत्र घेतलं होतं आणि आता अर्ध्या गावाची पोलकी तीच शिवत होती. कानात एकच बुगडी राहिली होती, मागे भ असलेली. तिला तिची जोड हवी होती.

सारजाबाई म्हणाली, आता पैसं मिळवतीस, तर सोन्याची जोड कर. बसव्वाने मान हलवली. कानातली बुगडी काढून तिने सारजाबाईच्या तळहातावर ठेवली आणि हसून म्हणाली, "नीट ठेव. बंगार हाय."

सारजाबाईने मूठ मिटली. मग उठून तिने ती बुगडी पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.