बिनफोडणीचं पिठलं

उभ्या आंबेगाव तालुक्यात दुसऱ्याच्या दुःखावर माझ्या मामेसासऱ्यांइतका हक्क सांगणारा माणूस झाला नाही, आणि शेजारचा जुन्नर तालुका जमेस धरला तरी होईलसं वाटत नाही. लग्नाच्या पत्रिका त्यांच्याकडे ढिगाने यायच्या, त्या मामी चूल पेटवायला वापरायच्या. "लग्नाला मान्सं कमी पडत न्हाईत," एवढं म्हणून मामा विषय संपवायचे. पण कुणाकडे मयत झालं की अवसरी बुद्रुकची ही असामी जेवतं ताट सारून निघालीच. त्यासाठी त्यांची वेगळी टोपी होती, दाराआडच्या वेगळ्या खुंटीवर टांगलेली. तिला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. पेपर ते मागच्या पानाकडून उघडायचे, कारण निधनवार्ता तिथे. एसटीचे कंडक्टरसुद्धा फाट्यावर त्यांना बघून खिडकीतून मान हलवायचे. ती आडवी हलली, म्हणजे वाटेवरच्या गावात कुणी गेलं, की मामांनी एम-एटीला किक मारलीच. एकदा या घाईपायी ते पेठच्या एका आजारी म्हाताऱ्याकडे, तो जायच्या आधीच भाकऱ्या घेऊन पोचले. म्हातारा गलक्याने उठून बसला, त्यातली दीड भाकरी त्यानेच खाल्ली आणि पुढे कित्येक वर्षं जगला. हा आपल्या भाकरीचा गुण, असं मामा सांगायचे. म्हातारा मात्र मामा दिसले की रस्ता बदलायचा.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतले, शेजारपाजारचे भाकरी-पिठलं घेऊन जातात आणि ते पिठलं बिनफोडणीचं असतं, कारण दुःखाच्या घरात तेलात लसूण तडतडलेला बरा दिसत नाही. मामी बिचाऱ्या चुलीवर एक आणि स्टोव्हवर एक असे दोन तवे चढवून भाकऱ्या थापायच्या आणि थापता थापता फक्त "आज कोन?" असं विचारायच्या. भाकऱ्या पोचवून झाल्या की मामा भिंतीला टेकून बसायचे आणि उठेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत. मी एकदा त्यांना छेडलं, की अहो, दोन शब्द धीराचे तरी बोला. "बोलाय लई येत्यात, जावईबापू," ते म्हणाले, "बसाय कोन येत न्हाई." माझ्या स्वतःच्या लग्नाला हे गृहस्थ आले नव्हते आणि त्याचा राग मी चांगला जपून ठेवला होता. पुढे माझे वडील वारले, तेव्हा आमच्या जुन्नरच्या दारात पहिली गाडी लागली ती एम-एटी. दिवसभर बसले. मला त्या दिवसाचं बाकी काही आठवत नाही, भिंतीला टेकलेले मामा तेवढे आठवतात. राग कुठे गेला कळलं नाही.

पेठजवळ हायवेला बटाट्याचं एक कोल्ड स्टोरेज होतं. तिथे गोपाल नावाचा नेपाळी वॉचमन होता. अख्खा हायवे त्याला बहादूर म्हणायचा, एकटे मामा गोपाळा म्हणायचे. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. गोपालच्या देशात तेव्हा घरातली लढाई पेटली होती. डोंगरातल्या त्याच्या गावात रात्री एका बाजूचे बंदूकवाले येऊन घरटी एक माणूस मागायचे आणि दिवसा दुसऱ्या बाजूचे येऊन, माणूस का दिलात म्हणून झोडपायचे. गावं ओस पडत चालली होती. एक दिवस गोपालची बायको मनमाया आणि म्हातारा बाप एकच पोतं घेऊन हायवेला उतरले. मग त्यांच्या वाटेने त्या खोऱ्यातली आणखी काही बिऱ्हाडं आली आणि बटाटे निवडायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यांच्या आडोशाने राहिली. पोरं खोकत होती, अंगावरचं तेवढंच अंगावर. मालक भला माणूस, त्याने कुणाला हाकललं नाही, पण पुढे काय करायचं हे त्यालाही उमजत नव्हतं.

मामांना उमजलं. त्यांनी दोन दिवसांत अवसरी पालथी घातली आणि मदत गोळा केली. आता आमच्याकडच्या मदतीची तऱ्हा सांगायला हवी. आमच्याकडे लग्न असो की दुखवटा, पुरुषमाणसाला टॉवेल-टोपीचा आहेर होतो. तो टॉवेल अंग पुसत नाही, ती टोपी डोक्याला बसत नाही. या ट्रंकेतून त्या ट्रंकेत आयुष्यभर फिरत राहतात. त्या सगळ्या ट्रंका गावाने मोठ्या मनाने रिकाम्या केल्या. रविवारी मी मामांबरोबर गेलो तर शेडमध्ये म्हाताऱ्यांपासून रांगत्या पोरापर्यंत सगळं बिऱ्हाड पांढऱ्या टोप्यांत. ग्रामसभाच जणू. मी हसलो, मामा हसले नाहीत. मग मात्र त्यांनी गोपालला नीट विचारलं आणि टोप्यांच्या मागून गोधड्या आल्या, खोकल्याची औषधं आली, बायकांना बटाटे निवडायचं काम मिळालं आणि कुणीतरी तांदूळ दिले. भाकरी त्या लोकांना नुसती पाहूनच धडकी भरायची.

पण मामांचा जीव गुंतला तो गोपालच्या खोलीत. मनमाया दाराकडे तोंड करून बसायची, म्हातारा न पेटवलेली बिडी बोटांत धरून असायचा. चूल थंड. मामांनी गोपालला काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा गोपाल तोंड फिरवून गेटकडे निघून गेला. झालं, मामांना पुढे विचारायची गरज उरली नाही. असली घरं त्यांनी जन्मभर पाहिली होती. दुसऱ्या दिवसापासून मामींचे दोन्ही तवे पेटले आणि रोज संध्याकाळी बिनफोडणीचं पिठलं आणि भाकऱ्या पेठला जायला लागल्या. मामा ती खास टोपी घालून जायचे, खोलीच्या भिंतीला टेकायचे आणि गप्प बसायचे. ती माणसं खायची. भूक होती, आणि इकडचे लोक असंच अळणी खात असतील, असा त्यांचा समज.

मग कधीतरी बटाटे निवडताना मनमायाने शेजारच्या बाईला मोडक्या हिंदीत विचारलं, की तुम्ही लोक जेवणात लसूण घालत नाही का? त्या बाईने, आमच्याकडे कुठल्या घरी असं पिठलं नेतात ते सांगितलं. त्या रविवारी मी मामांबरोबर होतो. मनमाया दारातच उभी होती. मामांनी पुढे केलेलं भाकरीचं फडकं तिने घेतलं, आणि परत त्यांच्या हातात ठेवलं.

"मामाजी," ती म्हणाली, "मेरी बेटी मरी नहीं है."

आवाज चढवला नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. मग गोपालने गेटपाशी सांगितलं. सरिता, त्याची एकुलती एक. तिला रात्रीच्या त्या बंदूकवाल्यांनी शाळेतूनच इतर पोरांबरोबर वर डोंगरात नेलं होतं. जिवंत आहे म्हणणारं कुणी नव्हतं, गेली म्हणणारंही कुणी नव्हतं. मनमाया गाव सोडायला तयार नव्हती, पोरगी आली तर घर उघडं हवं म्हणून. शेवटी बंदूकवाल्यांनी घरच जाळलं, तेव्हा निघाली.

मामांची भाकरी त्या दिवसापर्यंत कुठल्या दारातून परत आली नव्हती. अवसरीपर्यंत फडकं हॅन्डलला लटकत होतं आणि मामा गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. घरी येऊन त्यांनी टोपी काढली, खुंटीला लावली नाही, तशीच पलंगावर टाकली. "जित्या पोरीचा दुखवटा केला मी," एवढंच बोलले. त्या आठवड्यात भावकीत एक मयत झालं आणि मामा गेले नाहीत. तेव्हा गावातली दोन माणसं उलट मामांनाच बघायला आली.

किती दिवस गेले कोण जाणे, पण एका संध्याकाळी ते मामींना म्हणाले, की पिठल्याला फोडणी दे, चांगली सणसणीत, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून. आणि एक भाकरी वेगळी बांध. आमच्याकडे घरचं माणूस शेतावरून किंवा गावाहून उशिरा यायचं असलं की त्याची भाकरी झाकून ठेवतात. सगळे जेवतात, निजतात, ती टोपलीत ताटाखाली असते. पेठला मामा डोक्याला काही न घालता गेले. लसणाचा वास आधी पोचला होता. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच दोन फडकी ठेवली.

"ही तुमची," ते म्हणाले. "आन ही पोरीची. झाकून ठेवा. कवा यील तवा खाईल."

गोपालने ते त्यांच्या बोलीत सांगितलं. मनमाया आतून एक जर्मनचं ताट घेऊन आली आणि ती भाकरी तिने झाकली. त्यानंतर त्या खोलीत चूल पेटायला लागली, असं गोपाल सांगायचा. सकाळी ती शिळी भाकरी म्हातारा चहात कुस्करून खायचा आणि संध्याकाळी दुसरी ताजी यायची. पाऊस असो, एम-एटी बंद पडो, मामींना ताप असो, सरिताची भाकरी चुकली नाही. मी एकदा शहाणपणा केला, की मामा, रोज कशाला, तुम्ही त्या बाईला आशेला लावताय. त्यांनी फडक्याची गाठ घट्ट केली आणि गाडीला किक मारली. खरं सांगायचं तर मला आतून चीड यायची. ती पोरगी येणार नाही असं मला वाटायचं, आणि ते कुणीतरी त्या बाईला सांगावं असंही वाटायचं. पण त्या खोलीत शिरलं की मीही मामांशेजारी भिंतीला टेकून बसायचो.

पेठच्या एसटीडी बूथवाल्याचा तर मामांनी छळ मांडला होता. गोपालच्या गावची लाईन कधीच तोडलेली. जवळच्या बाजारातल्या एका दुकानात फोन लागला तर लागायचा. मामांना वाटायचं, बूथवाला नंबर मन लावून फिरवत नाही. लागलाच तर आधी स्वतः रिसीव्हर घ्यायचे आणि तिकडच्या त्या दुकानदाराला अस्सल अवसरीच्या मराठीत ओरडून विचारायचे, "पोरगी दिसली का, राव?" तो बिचारा काय समजायचा देव जाणे. मनमाया काचेबाहेर उभी असायची. मामा बाहेर येऊन मान आडवी हलवायचे, पार त्या कंडक्टरांसारखी, आणि दोघं परत निघायची.

मग एक दिवस त्यांच्या देशात समेट झाल्याची बातमी आली. ती पहिल्या पानावर होती, आणि मामांनी जन्मात प्रथमच पेपर सरळ बाजूने उघडला. डोंगरात नेलेली काही पोरं परतताहेत असं गोपालला कळलं. शेडमधली बिऱ्हाडं हळूहळू निघाली. गोपालचंही ठरलं. पण त्या थंडीत मामांच्या छातीने दगा दिला, आणि ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांच्या आधी पोचायचा नेम पाळला, ते स्वतः जाताना कुणी पोचायच्या आत गेले.

दुखवट्याला अवघी अवसरी लोटली होती. पिठल्याची इतकी पातेली आली की ठेवायला जागा नव्हती, सगळी बिनफोडणीची. तेवढ्यात अंगणात लसणाचा खमंग वास घुसला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मनमाया आली होती. तिने स्वतः थापलेल्या, कडा फाटलेल्या भाकऱ्या होत्या आणि फोडणीचं पिठलं. एक चुलती तिला दारातच अडवायला उठली, तशा मामी कोपऱ्यातून म्हणाल्या, "येऊ द्या तिला. ह्यांला फोडणीचंच ग्वाड लागायचं." मनमाया मामींच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि उठेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. जाताना तिने एक भाकरी वेगळी काढून मामींच्या टोपलीत ठेवली आणि तिच्यावर ताट झाकलं. त्या दिवशी मामींनी दोन घास खाल्ले, ते मनमायाच्या पिठल्याचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती माणसं पेठच्या स्टँडवरून गेली. मामींनी वाटेला भाकऱ्या दिल्या, एक वेगळी बांधून. सरिता सापडली की नाही, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. दुकानाचा तो नंबर आता लागत नाही, बूथही मोडला. मी रविवारी अवसरीला जातो, जेवायला बसतो, आणि सगळ्यांची पानं झाली तरी टोपलीत ताटाखाली एक भाकरी उरलेली असते. ती कोणाची, हे मी मामींना अजून विचारलेलं नाही.