खड्ड्यात उतरणारे दाजी

पुणं खालून पाहिलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बाकीच्या पुणेकरांना शहर म्हणजे पेठा, पूल, टेकड्या आणि त्यांवर कुणी काय बांधलं याच्या तक्रारी. आमच्या दाजींना शहर म्हणजे एकावर एक ओतलेले काळ्या दगडाचे थर, आणि त्यांवर उगाच जमलेले आपण. ते एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. ताईला पाहायला आले तेव्हा सबंध वेळ मान खाली घालून बसले होते. मुलगा सालस आहे म्हणून वडील खूश झाले. चहा संपल्यावर दाजी प्रथमच बोलले, "ही तुमची शहाबादी फरशी एके काळी समुद्राचा तळ होती, बरं का." यावर काय बोलावं ते वडिलांना सुचेना, म्हणून त्यांनी लग्न ठरवून टाकलं.

दगड दिसला की दाजी तो चाटून पाहत. ओला केला की कण स्पष्ट दिसतात, असं त्यांचं शास्त्रीय म्हणणं. पण हे चारचौघांत पटवून देणं अवघड होतं. शेजाऱ्यांच्या वास्तुशांतीला सगळे नवा काळा ग्रॅनाइटचा ओटा बघत उभे असताना दाजींनी बोट जिभेला लावून ओट्यावर फिरवलं, वाकून भिंगातून पाहिलं आणि जाहीर केलं, "हा ग्रॅनाइट नाही. आपल्याला फसवलंय." त्या घरचं जेवण आम्ही कसंबसं उरकलं. ताईच्या घरात पलंगाखाली दगड, धान्याच्या डब्यांमागे दगड, देवघराच्या फळीवर स्फटिक. पाहुणे त्या स्फटिकांना फुलं वाहत. ताई म्हणायची, "माझ्या सवतीसुद्धा वजनदार आहेत." खडकांचा तिला मनापासून कंटाळा होता आणि तो तिने कधी लपवला नाही.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते कात्रजच्या घाटात न्यायचे आणि समोरच्या डोंगराकडे तोंड करून नुसते बसवायचे. बराच वेळ कुणी बोलायचं नाही. मग विचारायचे, "डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा का आहे?" मग स्वतःच सांगायचे, "जिथे कडा उभा आहे तिथे खडक कठीण. जिथे उतार झाला तिथे तो हरला. आधी लांबून बघा, मग जवळून, मग फोडून. आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, याच्या आधी इथे काय होतं?" त्यांना सगळ्यात प्रिय होता तो तांबडा थर. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती झाली, मग दुसरा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. त्या थराला हात लावताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, बट, याला स्कोप काय आहे?" दाजींनी समोरचं सगळं खोरं दाखवलं आणि म्हणाले, "एवढा पुरेल का?"

पुरला नाही. त्या वर्षांत पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर लागला होता. मी स्वतः कर्वेनगरात कॉम्प्युटरचे क्लास काढले होते आणि जिन्यापर्यंत चपलांचा ढीग लागायचा. दाजी येता-जाता डोकावून म्हणायचे, "तुमचं बरंय, तुमचं सगळं शास्त्र दर दोन वर्षांनी नवीन. आमचा लाव्हा एकदाच आला." पण पुढे त्यांची थट्टा कमी होत गेली. प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं की या वर्षी विषय घ्यायला मुलं राहिली नाहीत तर विभाग बंद. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी मुलं उरली होती आणि त्यांतलीही निम्मी कुंपणावर होती. ती टिकवण्यापलीकडे दाजींना दुसरं काही सुचत नव्हतं. ते जेवताना मध्येच थांबायचे आणि एखाद्या मुलाचं नाव घेऊन म्हणायचे, "हा राहील असं वाटतं."

गंमत अशी की ज्या लाटेने त्यांची मुलं नेली, तीच लाट त्यांना रोज नवा खडक उघडून देत होती. गावाबाहेर कंपन्यांच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीआधी एक खोल खड्डा खणला जाई. ताजा कापलेला खडक, धूळ नाही, शेवाळ नाही. काँक्रीट पडेपर्यंतचे थोडे दिवस तो उघडा. दाजी खड्ड्यांची खबर ठेवत. वॉचमन लोक त्यांना ओळखत. "सर, हितं काय हाय बघण्यासारखं? खड्डा हाय," असं म्हणत एकाने पहिल्यांदा त्यांना अडवलं होतं, नंतर तोच नव्या खड्ड्याचा निरोप पाठवू लागला. खड्ड्यात उतरल्यावर दाजी फक्त खडक पाहत. वरच्या अंगाला मुरूम, विटांचे तुकडे, जुन्या बांधकामाचा राडारोडा असे, त्याच्याकडे ते ढुंकून बघत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "तो थर नव्हे, तो कचरा. पृथ्वीने केलेलं तेवढंच आपलं."

त्या कुंपणावरच्या मुलांना त्यांनी अशाच एका खड्ड्यावर नेलं. तांबडा थर इतका स्वच्छ उघडा पडला होता, की तो पाहिल्यावर कुणी विषय सोडणार नाही अशी त्यांची खात्री होती. मुलांना उतारावर उभं करून ते एकटे भिंतीपाशी गेले, वाकले, हातोडा टेकवला आणि बोलायला लागले. खडक जागचा हलला नाही. पण काठावर टाकलेला राडारोडा सुटला आणि बघता बघता दाजी छातीपर्यंत गाडले गेले. मुलांनी हातांनी उकरून त्यांना बाहेर काढलं. वेदनेने डोळे पांढरे होत असताना त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळे वर आहात ना?"

जीव वाचला, कंबर आणि पाय गेले. मग जे व्हायचं तेच झालं. मुलांच्या आईवडिलांनी ऐकलं, आणि कुंपणावरची मुलं तर गेलीच, पण राहणार होती तीही गेली. विभाग बंद झाला. त्यांतली दोघं माझ्याच क्लासमध्ये येऊन बसली. त्यांची तुटलेली नखं अजून पुरती आली नव्हती. ती पोरं की-बोर्डवर जपून बोटं टेकवायची आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे. दाजींनी ना कंत्राटदाराला दोष दिला ना नशिबाला. "पहिल्या वर्षाच्या मुलाने वर बघितलं नसतं तर मी त्याला नापास केलं असतं," एवढंच एकदा म्हणाले. त्यानंतर त्यांनी खडकाचं नाव काढलं नाही. एवढा बोलका माणूस खुर्चीत गप्प बसलेला पाहून मला फार वाईट वाटे, आणि मी लवकर उठून जाई.

गेल्या वर्षी त्यांच्या समोरचा बंगला पाडला आणि तिथे खड्डा सुरू झाला. दिवसभर दगड फोडण्याच्या मशीनचा आवाज. दाजींनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. एका दुपारी मी त्यांच्यापाशी बसलो होतो आणि ताई घरात नव्हती. ती आली तेव्हा तिच्या चपला चिखलाने भरल्या होत्या आणि साडीच्या काठाला माती होती. दारातच उभी राहून, पाठ केलेली कविता म्हणावी तसं ती म्हणाली, "अहो, वर काळा आहे. मग बोटभर तांबडा. खाली पुन्हा काळा, पण त्यात पांढरे ठिपके आहेत."

दाजींनी मान वळवली. "तू आत उतरलीस?"

"उतरले."

"वर भराव होता?"

"होता थोडा."

"थोडा म्हणजे? मी हा असा बसलोय ते दिसत नाही तुला? तुला कुणी सांगितलं होतं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ताईवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. "पुन्हा त्या काठावर पाऊल ठेवायचं नाही. कळलं?"

"कळलं," ताई म्हणाली आणि चपला धुवायला मोरीत गेली.

बाहेर मशीन चालूच होतं. दाजींनी मान पुन्हा भिंतीकडे वळवली. मग मोरीतलं पाणी बंद झालं, तसे ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बोटभरच होता का गं? नीट बघितलंस?"

ताई ओल्या हातांनीच बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली.