तोंडाने सांगा

रेखाचा फोन आला तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होते. "ताई, इंदूमावशी गेली," एवढंच ती बोलली. भांडुपच्या टेकडीवरच्या आपल्या खोलीत सकाळचा चहा ठेवता ठेवता मावशी खाली बसली ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी, अजून तिच्या खोलीत माणसं येत-जात होती तेव्हा, रेखाने मला एक मेसेज दाखवला. मुलुंडच्या ज्या टॉवरमध्ये त्या दोघी घरकाम करायच्या, तिथल्या सोसायटीच्या ग्रुपवरचा. 'आपल्या सर्वांच्या लाडक्या मावशी... कधी आवाज चढवला नाही... त्यांच्या गुडघ्यांचा त्रास पाहून आपल्या सोसायटीने मोठ्या मनाने मुख्य लिफ्ट सर्वांसाठी खुली केली होती.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी तो मेसेज दोनदा वाचला आणि रडणं थांबलं माझं. त्या दिवसापासून जो संताप आहे तो अजून उतरलेला नाही, आणि हे मी त्याच संतापात लिहिते आहे.

इंदू माझी खरी मावशी, आईची थोरली बहीण. काकांची गिरणी बंद पडल्यावर तिने घरकाम धरलं ते शेवटपर्यंत. टॉवरमध्ये तिला लहानथोर सगळेच मावशी म्हणायचे. मावशी म्हणायचं, तिच्या हातची भाकरी खायची, तिच्या हातून आपल्या आजारी आईला आंघोळ घालून घ्यायची, फक्त तिच्या शेजारी अर्धा मिनिट लिफ्टमध्ये उभं राहायचं नाही. तळमजल्यावर बोर्डच होता. घरकामगार, डिलिव्हरीवाले आणि पाळीव प्राणी यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी. हा क्रम माझा नाही, त्यांचा आहे. सर्व्हिस लिफ्टमधून कचऱ्याचे डबे आणि फोडलेल्या लाद्यांची पोती जायची, आणि ती सारखी बंद पडायची. बंद पडली की बायकांनी जिना चढायचा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

अशीच ती एकदा बंद होती. रेखा सात महिन्यांची गरोदर. दहा मजले चढणं जमेना म्हणून मुख्य लिफ्टमध्ये शिरली. तिसऱ्या मजल्यावर एक बाई आत आल्या, त्यांनी तिला बाहेर काढलं, खाली वॉचमनला फोन केला आणि तिचं गेटचं कार्ड जमा करून घ्यायला लावलं. रेखा गेटबाहेर फुटपाथवर बसून रडत होती. मावशी तिला घेऊन घरी आली. मी तिथेच होते. मी म्हटलं, मोर्चा काढू, पेपरवाल्यांना बोलावू, त्या बाईचं नाव सगळीकडे छापू. मावशीने आधी रेखाला जेवायला वाढलं. मग मला म्हणाली, "बोर्ड काय म्हणता ता माका ठावक आसा गो. पण बोर्डाक तोंड नाय. माणसान आपल्या तोंडान सांगूक होया."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुख्य लिफ्टच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं की आतल्या माणसांना विचारायची, "मी आत येऊ का?" बस, एवढंच. कोणी नाही म्हणालं तर बाजूला व्हायची आणि लिफ्ट जाऊ द्यायची. कोणी काहीच बोललं नाही तरी आत शिरायची नाही. गप्प राहणं म्हणजे हो नव्हे, हा तिचा हिशेब. मग पुढच्या लिफ्टला पुन्हा तेच. कामाची वेळ झाली की, सर्व्हिस लिफ्ट चालू असली तरी, गुपचूप जिन्याकडे वळायची आणि चौदा मजले चढायची. आठवड्याभरात तिच्यामागे सगळ्या बायका उभ्या राहायला लागल्या. धक्का नाही, शिवी नाही, घोषणा नाही. शाळेत पोरांना अहिंसा शिकवताना मी ती फार गोड करून शिकवते असं मला त्या दिवसांत कळलं. मी एकदा सुट्टी काढून बघायला गेले होते. लिफ्टमधली चांगली शिकलेली माणसं मोबाइलमध्ये तोंड खुपसून दार बंद करायचं बटण दाबत होती. एक गृहस्थ म्हणाले, मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही, पण रूल आहे ना. रूल कोणी केला ते मात्र एकालाही सांगता येईना. अख्ख्या टॉवरमध्ये पर्सनली कोणालाच प्रॉब्लेम नव्हता, आणि एक गरोदर बाई लिफ्टमध्ये शिरली म्हणून गेटबाहेर काढली गेली होती. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. मावशीने नुसतं माझं मनगट धरून ठेवलं.

त्याची शिक्षा मिळालीच. तिची दोन घरं सुटली. आमच्याकडे पोरांच्या परीक्षा आहेत, कटकट नको, असं सांगून. उरलं चौदाव्या मजल्यावरचं एक घर, जिथल्या अंथरुणाला खिळलेल्या बांना ती आंघोळ घालायची. बा म्हणजे त्या घरच्या गुजराती आजी. दुसरं कोणी अंगाला हात लावलेला त्यांना चालायचा नाही. मग कमिटीला शहाणपण सुचलं. सेक्रेटरींनी मावशीला ऑफिसात बोलावून एक वेगळं कार्ड दिलं. तुमचे गुडघे दुखतात, बांचंही अडतं, तुमच्यापुरती मुख्य लिफ्टची परवानगी, बाकीच्यांना सांगू नका. मावशीने कार्ड टेबलावर तसंच ठेवलं. "सगळ्यांका द्या, नायतर माका नको," म्हणाली आणि जिना चढायला गेली.

त्या रात्री मी तिच्यावर भडकले. तिच्या गुडघ्यांना तेल लावत होते, ते टम्म सुजले होते. घे ना गं ते कार्ड, म्हटलं, कोणासाठी मरतेस? आणि तुला राग कसा येत नाही? ती म्हणाली, "राग येता गो. पण तो त्यांच्या हातात कित्याक देऊ?" तेव्हा मला कळलं की ती शांत वगैरे काही नव्हती. आमच्या घरातली सगळ्यात संतापलेली बाई तीच होती. म्हणून त्या मेसेजमधलं 'कधी आवाज चढवला नाही' मला सहन होत नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, बायका उभ्याच. मधेच रेखाला मुलगी झाली, महिन्याभराने तीही येऊन उभी राहिली, कार्ड नव्हतं म्हणून गेटबाहेर. मग तळमजल्याचं रंगकाम निघालं, बोर्ड उतरवला गेला, आणि रंग वाळल्यावर तो परत लागला नाही. रेखाचं कार्डही चालू झालं. ठराव नाही, नोटीस नाही, एक शब्द नाही. बायका लिफ्टने जायला लागल्या. आम्ही पेढे आणले. मावशीने पेढा खाल्ला, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. बोर्ड काढला म्हणजे काय झालं, म्हणायची. एकाने तरी समोर येऊन म्हणायला हवं होतं, आमचं चुकलं. त्याची ती वाट बघत राहिली, कामाला जाताना, येताना. कोणी म्हटलं नाही. पायऱ्यांनी तिला मारलं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण ज्याची ती वाट बघत होती ते तिला मिळालं नाही, आणि ते देणं अगदी सोपं होतं.

मावशी गेल्यावर पंधरवड्याने सोसायटीने शोकसभा ठेवली. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, फोटोला हार घालून. रेखा आणि बाकीच्या बायका आल्या होत्या, मीही गेले. सेक्रेटरी बोलले. मावशी घरच्यासारख्या होत्या, त्यांच्यासाठी आपण लिफ्ट खुली केली, याचं समाधान आहे. मी उठले. म्हटलं, तुम्ही खुली केली नाहीत, या बायकांनी उभं राहून ती उघडायला लावली. मावशीला तुमच्या तोंडून फक्त 'चुकलं' हा शब्द हवा होता, तो आज तरी म्हणा. ते म्हणाले, ताई, दुःखाचा प्रसंग आहे, आज हा विषय नको. चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मग दोन मिनिटं शांतता पाळली गेली, आणि ती त्यांना फार छान जमली.

सभा संपल्यावर आम्ही बायका लिफ्टमध्ये शिरलो. मी बटणांपाशी होते. दार मिटणार इतक्यात सेक्रेटरी आले आणि आम्हाला बघून बाहेरच थांबले. आत चांगली तीन माणसांची जागा होती. रेखा मागे सरकली आणि म्हणाली, "या ना साहेब, जागा आहे."

"नको, तुम्ही व्हा पुढे. मी पुढच्या लिफ्टने येतो."

मी दार उघडं ठेवायच्या बटणावर बोट दाबलं.

"का?" मी विचारलं. "का ते सांगा."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागले. लिफ्ट पीं पीं करून ओरडायला लागली. आतली एकही बाई हलली नाही. मी बटण सोडलं नाही.