आडनाव नसलेले अर्ज

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर वीस वर्षं काढून ती पन्नाशीत कोड शिकली, म्हणून रुग्णालयाच्या संगणक विभागात सगळे तिला ‘मावशी’ म्हणत. रुग्णालयाच्या वेबसाइटवरून डॉक्टरांची वेळ मागणारे काही अर्ज नामंजूर होत होते. विभागाच्या साहेबांचा अहवाल तयारच होता: रुग्ण फॉर्म चुकीचा भरतात. कोड तपासणारी म्हणून तिची सही तेवढी हवी होती.

“मावशी, तुम्ही फक्त सही करा.”

“आधी वाचते,” म्हणत ती ठाण मांडून बसली. एक नामंजूर अर्ज धरून, तो सर्व्हरच्या कोडमध्ये कुठून आत येतो आणि पुढे कुठे जातो, ते ती ओळीओळीने वाचत गेली. वेळ देणाऱ्या भागापर्यंत तो पोचतच नव्हता. आधीच्याच तपासणीत आडनावाची जागा रिकामी दिसली, की परत फिरत होता. आडनाव न लावणारी कितीतरी माणसं तिने खिडकीवर पाहिली होती. एकालाही परत पाठवलं नव्हतं.

“ती तपासणी मी लिहिलीय,” साहेब गुरकावले. “उगाच फाटे फोडू नका.”

“मग खोडायलाही तुम्हीच बसा. या अहवालावर मी मेले तरी सही करणार नाही.”

संध्याकाळपर्यंत कोडमधून तपासणीची ती ओळ गेली. साहेब आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, आणि मावशीचं त्यावाचून काही अडलं नाही.