तिसरा स्ट्राइक आणि मुक्कामी गाडी

तीन स्ट्राइक झाले की बॅटवाली बाद, एवढं मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. चेंडू हुकला, एक. परत हुकला, दोन. तिसऱ्यांदा हुकला की बॅट ठेवून मुकाट्यानं बाहेर यायचं. मुकाट्यानं बाहेर यायची मला सवय होती, त्यामुळं तो नियम जड गेला नाही. जड गेला तो त्याच्या पुढचा.

लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या, आणि पाणी टँकरनं येत होतं. आमच्या देगलूरकडच्या गावात टँकरही येत नव्हता. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती त्याच दुष्काळात. चुलती लातूरच्या एका डाळ मिलमध्ये कामाला होती, तिनं मला नेलं. मिलच्या अंगणात भिजवलेली तूर वाळत घालायचे. ती निवडायची आणि तिच्यावर बसणारी कबुतरं हाकलायची, हे माझं काम. गावाकडं ज्वारी राखायची गोफण मी सोबत आणली होती, ती बघून मिलमधल्या बायका हसायच्या. बोलताना मधेच माझ्या तोंडून एखादा तेलुगू शब्द निघायचा, त्यालाही हसायच्या. मग मी बोलणंच कमी केलं. काही दिवस तर कबुतरांना हाकलण्यापुरताच माझा आवाज निघायचा.

मिलच्या भिंतीपलीकडं शाळेचं मैदान होतं. तिथल्या खेळाच्या मॅडम नव्या जिल्ह्यासाठी मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ बांधत होत्या, आणि बांधायला मुली मिळत नव्हत्या. त्यांनी मला गोफण मारताना पाहिलं असणार. फाटकातून आत येऊन त्यांनी चुलतीला विचारलं, "ही मुलगी रविवारी मला द्याल का?"

"न्या की. पण शाळा सुटली हाय तिची."

"मला शिकवायचंय कुठं? फेकायला लावायचंय."

कुणीतरी मला मागायला आलं होतं. त्या गोष्टीचं अजूनही मला नवल वाटतं, आणि त्या बाईचे उपकार मी विसरलेले नाही.

आमची कॅचर गंजगोलाईच्या बाजारातल्या एका आडत्याची मुलगी. कॅचर म्हणजे बॅटवालीच्या मागं बसून चेंडू झेलणारी. अंगानं भरलेली, हसरी, आणि माझ्याशी आपणहून बोलणारी ती एकटीच. एका रविवारी मी तिसऱ्यांदा हुकले आणि तिच्या हातमोज्यातून चेंडू निसटून माझ्या पायाशी आला. मी बॅट बाजूला ठेवली, चेंडू उचलला, ओढणीला पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

सगळं मैदान हसलं.

"अगं, देतीस काय? पळ की," कॅचर म्हणाली.

"कुठं पळू? मी तर बाद."

मला खरंच काही कळेना. गावात माय लोकांच्या घरी कामाला जायची, तेव्हा मी तिच्या मागं असायची. मोठ्या घरच्या माणसाच्या हातून काही पडलं तर त्यांनी वाकायच्या आत आपण उचलून द्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते हातातच होतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला खाली बसवलं आणि सांगितलं: तिसरा चेंडू कॅचरनं नीट झेलला पाहिजे, तरच बाद. सांडला, तर बॅटवालीनं पहिल्या बेसकडं, म्हणजे चौकातल्या चार ठाण्यांपैकी पहिल्याकडं, पळायचं. चेंडू तिथं आधी पोचला तर बाद, ती आधी पोचली तर वाचली. पण हे कधी? पहिला बेस रिकामा असेल तर. तिथं आपलीच कुणी उभी असेल, तर चेंडू सांडला तरी बॅटवाली बाद. आणि संघाच्या दोघी आधीच बाद झालेल्या असतील, तर बेस भरलेला असो की रिकामा, पळायचं. चेंडूला मात्र हात लावायचा नाही. लावला की तिथंच बाद.

आठवडाभर मी तूर निवडता निवडता चार दाणे चौकात मांडायची आणि पाचवा फिरवायची. बेस भरलेला असला तर का पळू देत नाहीत, हे काही उलगडत नव्हतं. मग एका दुपारी उलगडलं. पळू दिलं, तर कॅचर मुद्दाम चेंडू सांडेल. बेसवरच्या मुलीलाही जागा सोडावी लागेल, आणि दोघी एकदम बाद. नियम लबाडी अडवायला केलेला होता. पडलेल्या वस्तूमागं लबाडी असू शकते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

हे सगळं मी एवढं धरून बसले, कारण सामना नांदेडला होता. नांदेड म्हणजे माय; गावाहून तिथवर तिला एसटीनं येता येत होतं. वर्ष होत आलं होतं तिला बघून. आणि मॅडमनी साफ सांगितलं होतं, "पळायचं कधी हे जिला कळत नाही, तिला मी नेणार नाही."

त्या भिंतीवरून विचारायच्या, "पहिला बेस भरलेला, एक बाद, चेंडू सांडला?"

"मी बाद."

"दोघी बाद?"

"पळायचं."

"आणि चेंडू?"

"हात न्हाई लावायचा."

"चल मग नांदेडला."

देगलूरहून तूर घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याकडं मी मायसाठी निरोप दिला.

नांदेडला अंपायर उशिरा आले, सामना उशिरा सुरू झाला. आम्ही मैदानात पांगलो होतो तेव्हा मला पहिल्या बेसच्या पलीकडं, लिंबाखाली, हिरवं लुगडं दिसलं. मांडीवर गाठोडं. मॅडम म्हणाल्या, "सामना संपला की जा. तोवर रेषेबाहेर जायचं नाही." पाणी प्यायला गेलेली कॅचर येताना निरोप घेऊन आली. "तुझी माय म्हणून राहिली, मुक्कामी गाडी गाठायची हाय, लवकर उरक." रात्री गावातच थांबणारी ती एसटी; तिच्याशिवाय गावात जाणारी दुसरी गाडी नव्हती.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं मागं, दोघी बाद, आणि बॅट माझ्या हातात. मी बाद झाले की सामना संपणार होता आणि मायजवळ घटकाभर बसता येणार होतं. हे माझ्या मनात आलं. तरी बॅट मी खरीच फिरवली, तिन्ही वेळा. तिन्ही वेळा हुकली.

अंपायरनं हात केला. तिकडं माय पदर सावरत उठली. आणि माझ्या मागं चेंडू धुळीत पडल्याचा आवाज आला.

तो माझ्या पायापासून हातभर होता. त्यांची कॅचर भलतीकडंच शोधत होती. माझा हात खाली निघालासुद्धा होता. उचलून दिला असता तर तिथंच सगळं संपलं असतं, कुणी रागावलंही नसतं फारसं.

मी पळाले. चेंडू यायच्या आत बेसवर पाय पडला.

माय चुन्याच्या रेषेपर्यंत आली. "झालं न्हवं? चल."

"न्हाई माय, चालू हाय अजून."

"त्यानं हात केला की."

"तिच्या हातून चेंडू पडला. म्हणून मी बाद न्हाई."

"पडला तर उचलून द्यायचा न्हाई का गं?"

"हितं देत न्हाईत. हितं पळायचं असतं."

"बरं." मग म्हणाली, "लई वाळलीस."

"बाई, मागं व्हा," अंपायर म्हणाले. ती लगेच मागं झाली, मुकाट्यानं.

पुढची बॅट आमच्या कॅचरची. तिचे दोन स्ट्राइक झाले आणि मग ती चेंडू रेषेबाहेर मारायला लागली. दोन स्ट्राइकनंतर बॅट पूर्ण फिरवून मारलेला चेंडू असा बाहेर गेला, कुणी झेलला नाही, तर तो तिसरा धरत नाहीत. कितीही गेले तरी. प्रत्येक चेंडूला मी धावायची आणि परत बेसवर यायची. ऊन लिंबाच्या बुंध्यावरून सरकत होतं. एकदा परत आले तेव्हा मायनं गाठोडं बुंध्याशी ठेवलं होतं. तिनं हात वर केला. चेंडू पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, हातात होता. तो सुटायच्या आत बेस सोडला तर मी बाद. मी पाय बेसवर ठेवून नुसता हात वर केला.

कॅचरनं शेवटी उंच मारला. तो झेलला गेला. आम्ही हरलो.

लिंबाखाली नुसतं गाठोडं होतं, माय गाडीला गेली होती. गाठोड्यात धपाटे होते आणि जवसाची चटणी. आम्ही सगळ्यांनी तिथंच बसून खाल्ले. मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या, म्हणाल्या, "बरोबर पळालीस."

पुढं ट्रकवाला तूर घेऊन मिलवर आला. पोती उतरवता उतरवता म्हणाला, "तुझ्या मायनं इचारलंय, झाला का म्हणं खेळ?"

"हाव," मी म्हणाले, "झाला म्हणून सांगा."

अंगणात कबुतरं उतरली होती. मी उठले.