न सापडणारा सांधा

"वन्सं, हे गेले..." वहिनी फोनवर एवढंच बोलली. सकाळचा चहा घेऊन दत्तूदादा पडवीत भिंतीला टेकला, तो तसाच राहिला. रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळच्या त्यांच्या भाड्याच्या घरी मी पोचले, पाठोपाठ मंडणगडाकडच्या आमच्या गावाहून माणसं जीप करून आली. दारात चपला काढता काढता त्यांतला एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागला. "आता त्या खांबाचं खरं काय ते कोणालाच कळायचं नाय." माझा भाऊ अजून घरात होता, आणि हे दारात.

खरं काय ते मला माहीत आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दादा सुतार. काम वडिलांकडून शिकला, पण जुन्या लाकडाचा नाद त्याचा स्वतःचा. बाकीचे सुतार जुनं काढून नवीन घालायला सांगायचे; दादा म्हणायचा, "सडलंय तेवढंच काढू. बाकीच्यानं काय पाप केलंन?" अठ्ठ्याण्णवचा पावसाळा सरल्यावर गावच्या देवळाच्या सभामंडपाचं काम त्याच्याकडे आलं. फणसाच्या लाकडाचे चार खांब, वरपासून खालपर्यंत कोरलेले. त्यातल्या एकाचं बूड वाळवीने पार पोखरलेलं.

काम सुरू व्हायच्या आधी मुंबईची एक गाडी आली. उतरलेल्या गृहस्थांनी खांबांचे फोटो काढले, नक्षीवरून हात फिरवला आणि दादाला बाजूला नेऊन विचारलं, विकायचे आहेत का? दादाने त्यांना तिथूनच वाटेला लावलं. पण पारावर बसलेल्यांना हे बोलणं ऐकू गेलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की दत्ता सुतार मुंबईवाल्याशी बाजूला जाऊन बोलतो आहे.

त्यात दादाने वाऱ्याधुळीसाठी खांबाभोवती ताडपत्री बांधली आणि कामाच्या वेळी कोणी आत यायचं नाही असं बजावलं. मी दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. चहा घेऊन जायची म्हणून मला आत प्रवेश. छपराला टेकू देऊन त्याने खांब आडवा केला होता. सडलेलं बूड कापून, वाळवी पसरू नये म्हणून जाळून टाकलं होतं. जोडायला पडक्या घराच्या तुळईचं तितकंच जुनं फणसाचं लाकूड त्याने शोधून आणलं होतं. त्यावर तीच कमळाची पाकळी, तोच हत्ती त्याने पटाशीने उतरवला. खांबाच्या खाचेत नव्या तुकड्याचं निमुळतं टोक, कुसू, सरकलं तेव्हा मी शेजारी उभी होते. सांध्याची रेघ दिसत होती. मग त्याने तेल आणि काजळी चोळली आणि माझ्या डोळ्यांदेखत ती रेघ नाहीशी झाली.

ताडपत्री सुटली त्या दिवशी गाव जमला. देवळाचे पुढारी, ज्यांना सगळा गाव भाऊ म्हणायचा, ते खांबाभोवती फेऱ्या मारून थकले. "दत्ता, नवीन कुठून सुरू झालं ते दाखव बघू." दादा खुशीत होता. हसून म्हणाला, "तुम्हीच शोधा."

ते हसणं त्याला फार महागात पडलं. शोधून सापडेना तेव्हा कुजबुज सुरू झाली : अख्खा खांबच नवीन आहे, जुना गेला मुंबईला. देवळात बैठक बसली. भाऊ म्हणाले, "सांधा उघडून दाखव, म्हणजे मिटलं."

"उघडायचा म्हणजे तोडायचा," दादा म्हणाला. "तुमच्या शंकेपायी मी चांगला खांब तोडायचा नाय."

मी उभी राहिले, पाहिलं ते सगळं सांगितलं. मागून आवाज आला, "बहीण ती. ती दुसरं काय सांगणार?"

पंचक्रोशीत त्याला काम मिळेना. तो रत्नागिरीत आला आणि मिरकरवाड्याला होड्यांच्या दुरुस्तीला लागला. शंकेने त्याची पाठ सोडली नाही, ती आता त्याच्याच आत येऊन बसली. कुजकी फळी काढली की होडीवाल्याला बोलावून हात लावायला लावायचा. "नीट बघून घ्या. मागनं नाय म्हणू नका." होडीवाले हसायचे. एकदा मी सहज खांबाचा विषय काढला, तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "शालू, तुला हे विचारायला कोणी सांगितलंन?" मी शाळेत शिकवते, दुसऱ्यांच्या पोरांना समजावते... त्या दिवशी पिशवी उचलून मी घरी निघून आले.

काही वर्षांनी भाऊ स्वतः त्याच्या दारात आले. दुसरा खांब खचला होता. इतर सुतार सिमेंटचा घाला म्हणत होते. दादाने त्यांना आधी विचारलं, "बरोबर साक्षीला कोण आणलंत?" कोणी नव्हतं. दादा नाही म्हणेल असं वहिनीला वाटलं होतं. तो गेला, कारण छप्पर खाली आलं असतं.

या वेळी ताडपत्री नव्हती. सगळं गावासमोर. सडलेला तुकडा त्याने भाऊंच्या हातात दिला. खाली नवीन लाकूड बसवलं ते कोरं, पिवळं. ना पाकळी, ना हत्ती, ना काजळी. नुसता रंधा मारलेला.

"दत्ता, हे ठिगळ दिसतंय रे. पयल्यासारखं कर की."

"पयल्यासारखं केलेलं तुम्हाला चाललं नाय," दादा म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरली.

भाऊंनी माफी कधीच मागितली नाही.

गेल्या आठवड्यात वहिनीला घेऊन मी गावी गेले. देवळात दुपारचं कोणी नव्हतं, एक पुजारी तेवढा. मी पहिल्या खांबाशी गुडघे टेकले. सांधा हत्तीच्या सोंडेच्या वर आहे, मला पक्कं ठाऊक. बोटं फिरवली, नखाने चाचपलं, पुजाऱ्याची बॅटरी घेऊन पाहिलं. काही नाही. मी खरंच पाहिलं होतं ना?

"उठा वन्सं," वहिनी म्हणाली. "सापडू नये असाच केलानी तो त्यांनी."

ती पलीकडे, कोऱ्या लाकडाला पाठ लावून बसली होती. पुजारी म्हणाला, आरतीला येणाऱ्या बायका हल्ली तिथेच बसतात, जागेवरून भांडतातसुद्धा. बाकीच्या खांबांची नक्षी पाठीला रुतते. वहिनी जरा सरकली आणि माझ्यासाठी जागा केली.