प्लग माझ्या हातात होता

माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत. या सदरात लोक काय काय लिहितात ते मी दर महिन्याला वाचते आणि त्यातल्या निम्म्यावर विश्वास ठेवत नाही. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाला विहिरीतून हाक ऐकू येते... आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन पळतात, मी भाकरी थापत बसते. देव येऊन तव्यावरची भाकरी उलटत नाही. तेव्हा हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही. माझ्यासमोर झालं, सकाळच्या उन्हात, चालत्या गाडीत. जसं झालं तसं लिहिते. अक्षर माझं, शुद्धलेखन नातीनं बघितलं आहे.

आमचं गाव वाईच्या अलीकडं चार किलोमीटर. पण जन्म गेला सांगलीजवळ कुपवाडला. आमचे मालक तिथं फौंड्रीत कामाला होते, ओतलेले जॉब घासायच्या मशीनवर, अठ्ठावीस वर्षं. नाकाला रुमाल बांधायचे, तो घरी आला की मी धुवायची आणि पाणी काळं व्हायचं. जे रुमालात अडकलं नाही ते छातीत गेलं. रिटायर झाल्यावर आम्ही गावी आलो, घराला ओटा बांधला. त्या ओट्यावर मालक जेमतेम सहा वर्षं बसले. मग दम लागायला लागला, आणि मुलगा आम्हाला सांगलीला घेऊन गेला.

मुलगा संजय, विश्रामबागला राहतो. चौथा मजला. तिथं मालकांना ऑक्सिजनचं मशीन लागलं. सिलिंडर नव्हे. हे विजेवर चालतं, हवेतूनच ऑक्सिजन काढतं आणि नळीनं नाकात सोडतं. गुडघ्याच्या वर येईल एवढा खोका, खाली चाकं. वर काचेच्या नळीत एक गोळी असते, ती दोनच्या रेघेवर तरंगत ठेवायची. बाजूला पाण्याची बाटली, तिच्यात बुडबुडे येतात. लाइट गेली की मशीन मोठ्यानं शिट्टी मारतं. मग धावपळ, सोसायटीचा जनरेटर चालू होईपर्यंत मालक ओठ निळे करून माझ्याकडं बघत बसायचे.

चार महिने ते रोज एकच विचारायचे, "कवा जायाचं?"

घरी जायचं, ओट्यावर बसायचं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. बरं व्हायचं नाही हे त्यांना माहीत होतं. डॉक्टरनं सांगायच्या आधी माहीत होतं.

संजय म्हणायचा, "अण्णा, तीन तासांचा प्रवास आहे. मशीनला करंट कुठून आणू?"

"गाडीला इनवर्टर बसीव," मालक म्हणाले. मशीनवर जन्म काढलेला माणूस, त्यांना सगळं ठाऊक.

इन्व्हर्टर म्हणजे गाडीच्या बॅटरीवर घरच्यासारखी लाइट देणारा डबा. कुपवाडचा एक इलेक्ट्रिशियन बसवून देतो म्हणाला. तरी संजयला तीन महिने सवड झाली नाही. मग त्याच्या ऑफिसनं कुठूनही काम करायला सांगितलं, आणि आठ दिवसांत डबा बसला. वडिलांसाठी बसवला असं तो सगळ्यांना सांगतो. बसवल्यावर पहिल्यांदा त्यावर लॅपटॉप चालवून बघितला, हे मी सांगते.

इलेक्ट्रिशियननं माझ्यासमोर सांगितलं होतं, "ह्याच्यावर अण्णांचं मशीन चालू असताना दुसरं काय लावायचं न्हाई. फार तर फोन."

मी म्हटलं सोबत एक सिलिंडर घ्या. सून वैशाली म्हणाली, "आई, उन्हात गाडी तापते, भीती वाटते मला." संजय म्हणाला, "इन्व्हर्टर आहे ना." झालं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मालकांच्या फौंड्रीत एक रीत होती. मशीन नीट चाललं असेल तर तसं बोलायचं नाही. "आज मस्त चाललंय" असं कुणी म्हणालं की घासायचा दगड बदलायची वेळ आलीच समजा, नाहीतर पट्टा तुटलाच. एका नव्या माणसानं तसं म्हटलं आणि पट्टा तुटला, तेव्हा त्याला सगळ्या पाळीला चहा पाजावा लागला. मालक घरी आले की मी विचारायची, "आज कसं चाललं मशीन?" ते म्हणायचे, "झालं." त्यापुढं एक शब्द नाही. मी हसायची. "तुमचं मशीन काय सासू हाय का, नाव काढलं की रुसायला?" ते म्हणायचे, "सासू रुसली तर जेवत न्हाई. मशीन रुसलं तर बोट घेतं. तू गप जा."

त्या दिवशी सकाळी साडेसातला निघालो. वैशाली गाडी चालवत होती, ती चांगली चालवते. संजय तिच्या शेजारी, मांडीवर लॅपटॉप, कानात इअरफोनची बोंडं. मागं मी आणि मालक, आमच्या मधे सीटवर मशीन, बेल्ट लावून. इन्व्हर्टर पुढच्या दोन सीटांच्या मधे खाली, त्याची दोन भोकं आमच्या बाजूला. एकात मशीनचा प्लग, एकात वैशालीचा फोन. वर हिरवा दिवा.

आष्टा गेलं, पेठ नाक्याला हायवेला लागलो. मालक काचेला डोकं लावून बाहेर बघत होते. चार महिन्यांत मी त्यांना इतकं शांत बघितलं नव्हतं.

कऱ्हाडचा पूल ओलांडला आणि संजयची मीटिंग सुरू झाली. येस सर, येस सर चाललं होतं. मधेच त्यानं बॅगेतून लॅपटॉपची वायर काढली, मागं न बघता हात खाली घातला, चाचपडत एक प्लग उपसला आणि आपला घातला. त्याला वाटलं फोनचा काढला. टक् असा आवाज झाला. हिरवा दिवा गेला. त्याच्या कानात बोंडं, त्याला काय ऐकू जाणार.

निघालेला प्लग माझ्या पायाशी पडला. मी वायर हातानं चाचपत मागं नेली. ती मशीनला जात होती.

मी शिट्टीची वाट बघितली... शिट्टी नाही. मशीनकडं बघितलं. चालू होतं. घर्र-फुस्स, घर्र-फुस्स. बाटलीत बुडबुडे. गोळी दोनवर.

मला वाटलं आत थोडी राखून ठेवलेली वीज असेल, आता बंद पडेल. मी संजयच्या खांद्याला हात घालायला पुढं वाकले, तर मालकांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात इतका जोर बऱ्याच महिन्यांत नव्हता. त्यांनी प्लग बघितला, विझलेला दिवा बघितला, मशीन बघितलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं, माझ्याआधी.

"गप," ते म्हणाले.

"आवं, पण हे..."

"चालतंय न्हवं? मग गप बस. चालत्या मशीनला बोलायचं न्हाई."

मी प्लग उचलला आणि मांडीवर पदराखाली ठेवला. पिना गार होत्या. हे लिहून ठेवते, कारण पुढं लोक मला म्हणाले की तुझ्या अंगातून करंट गेला असेल. काही गेलं नाही.

उंब्रजजवळ वैशाली म्हणाली, "अहो, माझा फोन चार्जच होत नाहीये."

"वायर लूज असेल," संजयनं एक बोंड काढून सांगितलं आणि परत घातलं.

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

उंब्रजपासून साताऱ्यापर्यंत मी बुडबुडे मोजत होते. शंभर झाले की परत एक. माझी पाठ ताठली होती, पण मी हलले नाही. सातारा आला. डाव्या हाताला अजिंक्यतारा दिसला तसे मालक त्याच्याकडं वळून बघत राहिले, दिसेनासा होईपर्यंत. त्यांच्या गालांवर रंग होता. नळी नाकात होती आणि त्या नळीतून येत होतं, जे काय येत होतं ते. मी एकदा नळीचं टोक बोटानं दाबून बघितलं. हवा होती.

पाचवडला हायवे सोडून वाईच्या रस्त्याला लागलो. आता पाऊण रस्ताच काय, सगळाच संपला होता. ऊस, कालवा, ओळखीची दुकानं. मालक सरळ बसले आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. गावात शिरताना ते नेहमी लावायचे.

तेवढ्यात संजयची मीटिंग संपली. त्यानं बोंडं काढली आणि मागं वळून हसला.

"काय अण्णा, आणलं की नाही? उगाच घाबरत होता."

मालकांनी मान काचेकडं वळवली.

"आई तर सगळ्या पाहुण्यांना सांगत सुटली होती, संजा बापाचं काही करत नाही म्हणून. काय गं आई? आता सांग की फोन करून. मुलानं गाडीत हॉस्पिटल केलं म्हणावं."

मी गप्प बसायला पाहिजे होतं. गाव तीन किलोमीटर राहिलं होतं. मालकांचा हात माझ्या मनगटावर होता, त्यांनी तो दाबला. मला कळलं ते काय सांगतात. पण चार महिने मी त्या चौथ्या मजल्यावर गिळत आले होते. तीन महिने सवड नव्हती ते गिळलं, सिलिंडर नको म्हणाले ते गिळलं. हे गिळवलं नाही.

मी पदराखालून प्लग काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"हे बघ तुझं हॉस्पिटल. कऱ्हाडापास्नं माझ्या मांडीवर हाय. मशीन आपलं आपण चाललंय."

गोळी खाली पडली. बुडबुडे थांबले. आणि मशीननं शिट्टी मारली, लांब, न थांबणारी.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. रागावले नव्हते. पट्टा तुटल्यावर माणूस बघतो तसं बघितलं.

"बोललीस," ते म्हणाले.

त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

संजयनं माझ्या हातातला प्लग हिसकला, आपला काढला, हा घातला. काही नाही. काढून परत घातला. दिवा लागेना. वैशालीनं गाडी पळवली, हॉर्नवरचा हात काढला नाही. मी नळी काढून पदरानं वारा घालत होते. त्याचा उपयोग नसतो हे मलाही कळत होतं. मालक डोळे उघडे ठेवून समोर रस्ता बघत होते. मारुतीचं देऊळ आलं, पाण्याची टाकी आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली तेव्हा त्यांचे डोळे तसेच होते, पण ते बघत नव्हते.

कडी मी काढली. त्यांना ओट्यावर चौघांनी आणलं.

दहाव्याला मला कळलं की संजयनं सगळ्यांना काय सांगितलं. त्याचं म्हणणं, मशीन इन्व्हर्टरवर नीट चाललं होतं आणि मी रागाच्या भरात प्लग उपसला. "मी वळलो तेव्हा प्लग आईच्या हातात होता," एवढंच तो सांगतो. ते खोटं नाही. पाहुण्यांतल्या बायका माझ्याशी बोलताना माझ्या हाताकडं बघत होत्या. आता मी संजयशी कामापुरतं बोलते.

त्यानं तो डबा कुपवाडला दाखवला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, फ्यूज उडालाय, चालता प्लग उपसला की झटका बसतो. कधी उडाला ते सांगता येत नाही म्हणाला. संजय म्हणतो, बघा, प्लग उपसल्यावर उडाला. मी म्हणते, हो, पण कुठं उपसल्यावर?

वर्षश्राद्धाला सगळे गावी आले होते. वैशाली चुलीपाशी माझ्याशेजारी बसली आणि मान खाली घालून म्हणाली, "आई, माझा फोन उंब्रजच्या पुढं बंदच पडला होता. चार्ज झालाच नाही, घरी येईपर्यंत."

"मग हे नवऱ्याला सांग की."

"सांगितलं. म्हणतात, वायर लूज असेल."

म्हणजे कऱ्हाडपासून त्या डब्यात वीज नव्हती हे मला आणि तिला ठाऊक आहे. आणि सत्तर-ऐंशी किलोमीटर मशीन चाललं हेही. कशावर, ते कुणालाच ठाऊक नाही. ऑक्सिजनच्या मशीनच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं, अशा मशीनला आत बॅटरी असते का. तो म्हणाला, "आजी, ह्या मॉडेलला नसते. शिट्टी वाजवायपुरती एक छोटी असते, तेवढीच."

मशीन माझ्याकडंच आहे. एकदा दुपारी, घरात कुणी नसताना, प्लग न लावता बटण दाबून बघितलं. शिट्टी वाजली. बंद केलं. देवाचं नाव घेतलं नाही आणि नवसही बोलले नाही. मी तसली नाही.

कारण मला सापडलेलं नाही आणि या वयात सापडायचंही नाही. तुमच्यात कुणी विजेचं शिकलेलं असेल तर मशीन कसं चाललं ते लिहा, मी वाचेन. पण मी तीन किलोमीटर गप्प बसले असते तर काय झालं असतं, हे मात्र कुणी लिहू नका.